वाऱ्याने वसवलेलं बंदर

अठरा-वीस दिवस चहूकडे पाणीच पाहिलेला माणूस जमीन शोधतो ती क्षितिजाच्या रेघेवर. तिथे काहीच नसतं. मग बोटीवरचं कुणीतरी ओरडतं, "अरे, वर बघा, वर!" समोर ढगांचा पांढरा थर पसरलेला असतो आणि त्या थराच्याही वर, जिथे जमीन असायचं काही कारणच नाही तिथे, एक काळपट त्रिकोण नुसता ठेवून दिल्यासारखा दिसतो. तो पिको. अटलांटिक महासागरातून थेट उभा राहिलेला ज्वालामुखी, उंची 2,351 मीटर, पोर्तुगालमधलं सर्वांत उंच शिखर. आपल्या कळसूबाईहून सातशे मीटरने उंच, आणि पायथ्याला लाटा.

पिकोच्या समोर आठेक किलोमीटर रुंदीच्या सामुद्रधुनीपलीकडे फायाल नावाचं बेट आहे आणि त्यावर ओर्ता हे गाव. रोमन लिपीत नावाआधी 'एच' लिहितात, पण पोर्तुगीज माणूस तो उच्चारत नाही. हा सगळा अझोर्स बेटांचा समूह, एकूण नऊ बेटं. ओर्ताहून लिस्बन सुमारे सतराशे किलोमीटर पूर्वेला, आणि पश्चिमेला बर्म्युडा तीन हजारांहून जास्त. फायालची सगळी वस्ती मिळून पंधरा हजारांच्या आसपास. मोठा उद्योग नाही, मोठं शहर नाही. तरी दरवर्षी हजाराहून जास्त शिडाच्या बोटी या गावाच्या धक्क्याला लागतात आणि त्यातल्या बहुतेकींवर समुद्र ओलांडून आलेली दोन, चार, सहा माणसं असतात. मे आणि जून महिन्यांत तर जागा पुरत नाही. धक्क्याला एक बोट, तिला बांधलेली दुसरी, दुसरीला तिसरी, अशी चार-पाच बोटींची रांग लागते. पाचव्या बोटीवरच्या माणसाला किनाऱ्यावर जायचं तर चार अनोळखी घरांच्या अंगणातून गेल्यासारखं जावं लागतं. त्यालाही एक रीत आहे. दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना नाळेकडून जायचं, मागच्या बाजूने नाही. मागे सुकाणूपाशी माणसं बसलेली असतात, जेवत असतात, झोपलेली असतात.

एवढे सगळे इथेच का थांबतात, हा प्रश्न मला नकाशा पाहताना पहिल्यांदा पडला. नकाशावर फ्लोरिडा किंवा कॅरिबियन बेटांपासून युरोपपर्यंत पट्टी ठेवली तर सरळ रेघ अझोर्सच्या बरीच दक्षिणेकडून जाऊ शकते. मग वाट वाकडी करून, शेकडो मैल उत्तरेला चढून, या ठिपक्यापाशी यायचं कारण काय?

कारण नकाशात दिसत नाही, कारण वाऱ्यात आहे. शाळेच्या भूगोलात आपण व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे पाठ केलेले असतात. परीक्षेला दोन गुणांना येणारं ते वाक्य इथे जिवंत होतं. अझोर्सच्या आसपास समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचं एक प्रचंड केंद्र असतं. हवामानखात्याच्या भाषेत त्याला अझोर्सचंच नाव आहे. त्या केंद्राभोवती उत्तर अटलांटिकवरचा वारा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत राहतो, जात्याचा वरचा दगड मधल्या खिळीभोवती फिरावा तसा. या चक्राच्या दक्षिण कडेला वारा युरोप-आफ्रिकेकडून अमेरिकेकडे वाहतो, उत्तर कडेला अमेरिकेकडून युरोपकडे. आणि अगदी मध्यभागी, खिळीपाशी, वारा जवळजवळ नसतोच.

शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालू शकत नाही. वारा जिथून येतो त्या दिशेच्या दोन्ही अंगांना साधारण पंचेचाळीस अंशांचा पट्टा तिला बंद. त्यामुळे कॅरिबियनमधून युरोपला निघालेल्या बोटीने सरळ वाट धरली तर वारा सतत तोंडावर येणार. म्हणून ती आधी उत्तरेला जाते, चक्राची वरची कड गाठते आणि तिथल्या पश्चिमी वाऱ्यावर स्वार होऊन पूर्वेला सरकते. फार उत्तरेला गेली तर वादळं. जरा दक्षिणेला घसरली तर खिळीपाशी अडकून शिडं लोंबकळणार आणि टाकीतलं मोजकं डिझेल जळणार. या दोन संकटांच्या मधली जी पाऊलवाट आहे तिच्यावर, बरोबर 38 अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर, फायाल उभं आहे. माणसाने जागा निवडून बांधलेली बंदरं पुष्कळ असतील. ओर्ताची निवड वाऱ्याने केली, माणसाने फक्त धक्का बांधला.

ही युक्ती आजची नाही. पंधराव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला गेलेल्या पोर्तुगीज खलाशांना घरी परतताना कळलं, की किनाऱ्याकिनाऱ्याने उलटं येणं म्हणजे रोज वाऱ्याशी झगडा. त्यांनी धाडस असं केलं, की घराच्या दिशेकडे पाठ फिरवून आधी खुल्या समुद्रात शिरायचं, वायव्येला खूप दूर जायचं आणि मग पश्चिमी वाऱ्यावर बसून परत यायचं. या वळशाला ते 'वोल्ता दो मार' म्हणत, म्हणजे समुद्राचा फेरा. घरी जायला घरापासून लांब जायचं! पहिल्यांदा ज्याने हे केलं असेल त्याच्या छातीचा विचार मनात आला की मला आजही थक्क व्हायला होतं.

आणि इथेच आपला गोवा येतो. वास्को द गामा हिंदुस्थानची पहिली सफर संपवून 1499 मध्ये परतत होता, तेव्हा त्याचा भाऊ पावलो खूप आजारी होता. गामाने मुख्य जहाज लिस्बनला पुढे धाडलं आणि स्वतः भावाला घेऊन अझोर्समधल्या तेर्सेरा बेटावर आला. पावलो तिथेच गेला. त्याला आंग्रा गावच्या फ्रान्सिस्कन मठात पुरलं. पुढे गोव्याहून मिरी, दालचिनी, कापड भरून निघालेली जहाजं दरवर्षी याच वाऱ्याने याच बेटांपाशी येत. हिवाळ्यात ईशान्य मोसमी वाऱ्यावर गोवा सोडायचा, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा, मग अटलांटिकमध्ये पश्चिमेकडून मोठा फेरा घेत अझोर्स. सहा-सात महिने समुद्रावर काढलेली, हिरड्या सुजलेली माणसं इथे ताजं पाणी आणि भाजी पाहत. त्यांच्या सोयीसाठी पोर्तुगालच्या राजाने आंग्राला एक खास कचेरीच ठेवली होती; तिचं काम या ताफ्यांना रसद, दुरुस्ती आणि संरक्षण पुरवणं.

संरक्षण लागायचं, कारण वाऱ्याची वाट चाच्यांनाही ठाऊक होती. दबा धरायला याहून चांगली जागा नाही: येणारं प्रत्येक जहाज इथूनच जाणार. 1592 मध्ये 'माद्रे द देउश' हे अवाढव्य जहाज इंग्रजांनी याच बेटांपाशी पकडलं आणि पूर्वेच्या मसाल्याचं, रेशमाचं, जवाहिराचं ते भांडार पाहून इंग्लंडचे डोळे दिपले. दोनच वर्षांनी, 1594 च्या जूनमध्ये, गोव्याहून निघालेलं 'सिंको शागाश' फायालजवळ इंग्रज जहाजांच्या तावडीत सापडलं. ते पेटलं आणि स्फोट होऊन बुडालं. जहाजावरच्या शेकडो माणसांपैकी अगदी मोजकी वाचली. आज ओर्ताच्या धक्क्यावर बसून लोक कॉफी पितात, समोरून पिकोची फेरीबोट अर्ध्या तासात ये-जा करते, आणि त्याच समुद्राच्या तळाशी कुठेतरी आपल्या मांडवीच्या काठावरून निघालेला माल विसावला आहे.

वाऱ्यावर न चालणाऱ्या गोष्टीही पुढे इथेच टेकल्या. 1893 मध्ये समुद्राखालची तारेची केबल फायालला पोचली आणि मग इंग्रज, अमेरिकन, जर्मन कंपन्यांनी इथे ठाणी मांडली. 1969 पर्यंत खंडांमधले निरोप या गावातून पुढे जात. 1919 च्या मे महिन्यात अमेरिकी नौदलाची तीन उडती जहाजं न्यूफाउंडलंडहून अझोर्सकडे निघाली. धुक्याने तिघांचीही दैना केली. एनसी-4 कसंबसं 17 मे रोजी ओर्ताच्या बंदरात उतरलं आणि पुढे लिस्बनला पोचून अटलांटिक ओलांडणारं पहिलं विमान ठरलं. एनसी-1 समुद्रात उतरलं आणि गेलं, माणसं वाचली. तिसऱ्याची गोष्ट मला सगळ्यांत प्रिय आहे. एनसी-3 ला पाण्यावर उतरून पुन्हा उडता येईना, तेव्हा खलाशी असलेल्या त्या वैमानिकांनी विमानाची शेपटी शिडासारखी वाऱ्याला धरली आणि उलट्या तोंडाने, दोन दिवसांहून जास्त वेळ, सुमारे दोनशे सागरी मैल ते हाकत हाकत याच समूहातल्या साऊ मिगेल बेटाला नेलं. विमान असूनही शेवटी ते वाऱ्यानेच अझोर्सला आलं.

आता आजच्या बोटीकडे येऊ. बंदराच्या तोंडाशी आली की ती डोलकाठीच्या उजव्या दोरीवर पिवळा झेंडा चढवते. आंतरराष्ट्रीय संकेतात या झेंड्याचा अर्थ असा, की आमच्या बोटीवर सगळे निरोगी आहेत, आम्हाला बंदरात मोकळीक द्यावी. प्लेगच्या काळात परदेशी जहाजाला चाळीस दिवस बाहेर थांबवायचे. इटालियन भाषेतल्या त्या 'चाळीस' वरूनच क्वारंटाइन हा शब्द आला. 2020 साली साऱ्या जगाला तो कळला, समुद्रावरच्या माणसांना तो पिढ्यान्‌पिढ्या कळत होता. कप्तान कागद घेऊन एकटा उतरतो. पासपोर्ट, बोटीची नोंदणी, कस्टमचा फॉर्म. बाकीचे बोटीवर थांबतात. शिक्के पडले की पिवळा झेंडा खाली येतो आणि त्या जागी यजमान देशाचा लहान झेंडा, पोर्तुगालचा, वर जातो. पाहुण्याने उंबरठ्यावर चपला काढाव्यात तसं हे आहे.

मग सगळे धक्क्यावर पाऊल टाकतात, आणि धक्का हलतो.

खरंच हलतो, निदान त्यांच्यापुरता. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत द्रव असतो, आणि डोकं कसं वळतंय ते त्या द्रवाच्या हालचालीवरून मेंदूला कळतं. समुद्रावर पहिले दोन-तीन दिवस मेंदू गोंधळतो, उलट्या होतात. मग तो एक विलक्षण काम करतो: बोटीच्या डोलण्याचा ठेका शिकून घेतो आणि पुढचा हेलकावा यायच्या आधीच त्याची वजाबाकी करून ठेवतो. म्हणून मुरलेला खलाशी डुलत्या बोटीवर भरलेला कप घेऊन चालतो. पण किनाऱ्यावर आल्यावर मेंदूला कोण सांगणार, की आता डोलणं थांबलं? तो वजाबाकी करतच राहतो. वजा करायला काही नसतं, तरी करतो. म्हणून स्थिर जमीन उलट दिशेला डोलू लागते. बाथरूममध्ये केसांना साबण लावायला डोळे मिटले की माणूस भिंत धरतो. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत ओसरतं. वीस दिवसांत शिकलेली गोष्ट शरीर दोन दिवसांत परत करतं, आणि पुढच्या टप्प्याला ती पुन्हा नव्याने मागावी लागते.

भूक मात्र लगेच जागी होते. लांबच्या सफरीत दुसऱ्या आठवड्यापासून कांदे, बटाटे आणि कोबी एवढंच ताजं उरतं. फळ दिसत नाही, पालेभाजी तर नाहीच. त्यामुळे ओर्ताच्या बाजारात खलाशी कसे तुटून पडत असतील याचा अंदाज करता येतो. जोशुआ स्लोकमने तो पुरेपूर दाखवून दिला. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस. 'स्प्रे' नावाची आपली बोट घेऊन तो 1895 च्या जुलैत ओर्ताला थांबला. गावकऱ्यांनी त्याला फळं दिली, पिकोचं पांढरं चीज मिळालं. समुद्रात परत निघाल्यावर त्याने आलुबुखार आणि चीज दोन्ही ताव मारून खाल्लं आणि पोटात असे मुरडे सुटले की तो खाली केबिनमध्ये आडवा पडला. बाहेर वादळ माजलेलं, सुकाणूवर कुणी नाही. तापाच्या गुंगीत त्याला दिसलं, की एक उंचापुरा माणूस सुकाणू धरून उभा आहे आणि सांगतोय, मी कोलंबसच्या ताफ्यातल्या 'पिंता' जहाजाचा नावाडी. शुद्धीवर आल्यावर स्लोकमने पाहिलं, बोट रात्रभर आपल्या वाटेवर नीट चालत राहिली होती. पुढे तीन वर्षांनी, 1898 च्या जूनमध्ये, तो प्रदक्षिणा पुरी करून अमेरिकेला पोचला. त्या पाहुण्या नावाड्याविषयी त्याने आपल्या पुस्तकात फार आदराने लिहिलं आहे.

थांबा म्हणजे विश्रांती, असं बाहेरच्याला वाटतं. खरं तर बोटीवरचं सगळ्यांत जास्त काम बंदरात होतं. समुद्रावर बोटीचा सर्वांत मोठा वैरी वादळ नव्हे, घासणं आहे. पाच सेकंदांना एक हेलकावा धरला तरी दिवसाला सतरा हजारांहून जास्त हेलकावे झाले. वीस दिवसांत साडेतीन लाखांच्या घरात. प्रत्येक हेलकाव्याला तोच दोर त्याच कडेवर केसभर सरकतो. बोटाएवढा जाड दोर शेवटी एका जागी दोऱ्याएवढा उरतो, आणि तो भाग नेमका डोलकाठीच्या टोकाशी, जिथून खालून दिसत नाही. म्हणून कुणीतरी एक जण झोळीसारख्या पट्ट्यात बसतो, बाकीचे त्याला दोराने वर ओढतात आणि तो पंधरा-वीस मीटर उंचीवर एकेक खिळा, एकेक तार बोटाने चाचपत उतरतो. शिडाची शिवण उसवलेली असली तर ते धक्क्यावर पसरलं जातं. तळव्याला चामड्याचा पट्टा बांधून जाड सुईने ते शिवायचं. त्या पट्ट्यावर धातूची खोलगट चकती असते, सुईचं मागचं टोक तिने रेटायचं.

एक काम अगदी जवळून पाहण्यासारखं आहे, ते अंड्यांचं. पुढच्या टप्प्यासाठी दुकानातून अंडी घेताना बोटीवरची माणसं चौकशी करतात: ही धुतलेली आहेत का, फ्रिजमध्ये होती का? न धुतलेल्या अंड्यावर निसर्गाने दिलेलं एक पातळ आवरण असतं, त्याने टरफलाची बारीक भोकं बुजलेली असतात. धुतलं की ते जातं. म्हणून न धुतलेली, फ्रिजमध्ये न ठेवलेली अंडी शोधायची. काही जण त्यावर बोटाने व्हॅसलीनचा हात फिरवतात. एकेक अंडं तळहातावर घेऊन, सगळ्या बाजूंनी, बाळाला तेल लावावं तसं. मग रोज एकदा सगळी अंडी उलटी करायची, म्हणजे आतला बलक एका बाजूला बसून टरफलाला चिकटत नाही. फ्रिज नसताना अशी अंडी कित्येक आठवडे टिकतात. हजारो मैलांच्या समुद्रप्रवासात रोज सकाळी कुणीतरी अंडी उलटी करत असतं, हे कळल्यावर मला त्या प्रवासाची खरी लांबी समजली.

संध्याकाळी सगळ्या वाटा निळ्या रंगाच्या एका इमारतीकडे जातात. पीटर कॅफे स्पोर्ट. आझेवेदो घराण्याने 1918 मध्ये हे कॅफे काढलं. 'पीटर' हे घराण्यातल्या कुणाचं जन्मनाव नाही. मालकाचा मुलगा जोझे तरुणपणी 'लुसिटानिया दोन' या ब्रिटिश जहाजावर काम करायचा. तिथल्या एका अधिकाऱ्याला त्याच्यात आपला मुलगा दिसला आणि त्याने त्याला त्या मुलाच्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. नाव जोझेला जन्मभर चिकटलं, मग कॅफेला चिकटलं. छताला आणि भिंतींना जगभरच्या बोटींनी ठेवून दिलेले झेंडे लटकतात. वरच्या मजल्यावर व्हेलच्या दातांवर कोरलेल्या चित्रांचं संग्रहालय आहे. एकेकाळी अझोर्सचे लोक होड्यांतून हातभाल्याने स्पर्म व्हेल मारत. ती शिकार विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात थांबली. डोंगरावरच्या ज्या टेहळणीच्या चौक्यांतून व्हेलचा फवारा दिसला की हाक जायची, तिथेच आता माणूस दुर्बीण घेऊन बसतो आणि व्हेल पाहायला निघालेल्या पर्यटकांच्या होडीला दिशा सांगतो.

मोबाइल नव्हते त्या काळात हे कॅफे खलाशांचं पोस्ट होतं. घरच्यांनी पत्रावर बोटीचं नाव आणि 'कॅफे स्पोर्ट, ओर्ता' एवढं लिहावं. बोट येईपर्यंत पत्र इथे सांभाळून ठेवलेलं असे. कधी ती बोट महिनाभर उशिरा यायची. तोवर पत्र काउंटरमागे वाट पाहत राहायचं. अनोळखी माणसाचं पत्र असं सांभाळणं, तेही वर्षानुवर्षं आणि आपणहून! या गावाविषयी माझ्या मनात जो जिव्हाळा आहे तो मुख्यतः या पत्रांमुळे.

रात्री बोटीवर परतल्यावर आणखी एक नवल वाट पाहत असतं. अंधारातून रडण्याचे, चिडवण्याचे, बाळाने हट्ट धरावा तसे आवाज येतात, डोक्यावरून जातात, उलटून परत येतात. नवखा माणूस दचकतो. ते 'कगारू' पक्षी: दिवसभर समुद्रावर शांतपणे लाटांना घासून उडणारे, आणि काळोख पडल्यावर कड्यांतल्या बिळांकडे परतताना आपल्या जोडीदाराला हाका मारणारे. समुद्रावर हेच पक्षी बोटीच्या मागेपुढे मुकाट्याने उडताना पाहिलेले असतात. त्यांना आवाज आहे हे इथे कळतं. तेही बेटावर थांबायला आलेले असतात.

आठ-दहा दिवस असे जातात. कुणी फेरीने पिकोला जाऊन शिखर चढून येतं. कुणी बेटाच्या पश्चिम टोकाला कापेलिन्योशला जातं. तिथे 27 सप्टेंबर 1957 ला समुद्रातून ज्वालामुखी उसळला आणि तेरा महिने राख ओकत राहिला. दीपगृहाचा खालचा मजला राखेत गडप झाला, घरांची छपरं कोसळली, शेतं गेली. आणि बेटाला सुमारे अडीच चौरस किलोमीटर नवी जमीन मिळाली. अमेरिकेने 1958 मध्ये खास कायदा करून इथल्या कुटुंबांना आसरा दिला आणि हजारो माणसं बोटींत, विमानांत बसून गेली. दुसऱ्यांना थांबा देणाऱ्या बेटावरची माणसं स्वतः मात्र मुक्कामाला परदेशी गेली.

बोटींवरची माणसंही इथे बदलतात. सुट्टी संपलेला एखादा इथून विमानाने घरी जातो, नवा येतो. वीस दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत एकमेकांच्या झोपेची राखण केलेली माणसं विमानतळाच्या टॅक्सीपाशी उभी राहतात आणि काय बोलावं ते कुणालाच सुचत नाही.

आणि निघायच्या आधी भिंत. ओर्ताच्या मरीनाचा धक्का, त्याची भिंत, चालायची वाट, पायऱ्या, सगळं चित्रांनी भरलेलं आहे. मरीना 1986 मध्ये सुरू झाला आणि चित्र काढल्याशिवाय बंदर सोडू नये ही इथली समजूत. न काढता गेलेल्यांवर काय काय ओढवलं त्याच्या गोष्टी धक्क्यावर ऐकायला मिळतात. विज्ञान शिकलेले, उपग्रहावरून हवामान पाहणारे, गणिताने वाट आखणारे कप्तानही रंगाच्या डब्याशिवाय निघत नाहीत. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडणाऱ्या आपल्या कोळ्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नाही.

जागा शोधण्यात अर्धा दिवस जातो. नियम लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात: ज्याचं नाव अजून वाचता येतं त्याच्यावर रंगवायचं नाही. म्हणून माणसं वाकून, गुडघे टेकून, पुसट चौकोन शोधत फिरतात. एक सापडतो. तारेच्या ब्रशने घासताना वरचा पांढरा रंग निघतो, खाली हिरवा लागतो, त्याखाली लाल, त्यात एका अक्षराचा उभा दांडा. कुणाचं नाव होतं, कुठल्या देशाचं, काही कळत नाही. हिवाळ्यात वादळी लाटा या भिंतीवरून जातात, उन्हाळ्यात ऊन भाजून काढतं. साधा रंग काही वर्षं तग धरतो. घासून झालं की पांढरा हात द्यायचा, तो वाळेपर्यंत थांबायचं. मग चिकटपट्टीने कडा आखून बोटीचं नाव, वर्ष, माणसांची नावं. कुणी व्हेल काढतं, कुणी होकायंत्र, कुणी आलेल्या वाटेची तुटक रेघ. चित्रकला येत नसलेले हात थरथरतात. शेजारच्या बोटीवरचं कुणीतरी येऊन बघतं, ब्रश मागतं, उरलेला निळा रंग घेऊन जातं.

दुसऱ्या दिवशी पहाटे हवामानाचा अंदाज बरा येतो. बाहेरच्या बोटी आधी सुटतात, दोर मोकळे होतात, धक्क्यावरून चार हात हलतात. बंदराच्या तोंडाबाहेर इंजिन बंद होतं आणि शीड वर जातं. भिंत दहा मिनिटांत दिसेनाशी होते. पिको होत नाही. गणिताने पाहिलं तर 2,351 मीटरचा माथा समुद्रसपाटीवरून सुमारे 170 किलोमीटरपर्यंत दिसायला हवा; ताशी सहा सागरी मैल चालणारी बोट ते अंतर कापायला पंधरा तास घेते. सकाळी सहाला निघालेल्या बोटीवरून, हवा स्वच्छ असली तर, जूनमधला लांबलेला सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळताना मागे वळून पाहिलं की ढगांच्या वर तो त्रिकोण अजून दिसू शकतो. सुकाणूवर ज्याची पाळी आहे तो दर थोड्या वेळाने मान वळवून पाहतो. टर्पेंटाइनने दोनदा पुसूनही त्याच्या नखांच्या कडांना निळा रंग राहिलेला असतो.